सरांचं ड्रेसिंग

अपघाताच्या आदल्या दिवशी बाबांची साप्ताहिक सुट्टी होती आणि ते सकाळपासून बेसिनखाली पाठीवर पडून होते. नळ बरेच दिवस गळत होता. प्लंबरला बोलवायचं नाही, हा घरातला जुना नियम. बाबांच्या मते प्लंबर एक नळ दुरुस्त करायला येतो आणि जाताना दोन बिघडवून जातो.

"अहो, खाली झोप लागली असेल तर उशी देऊ का?" आई ओट्यापाशी भाजी चिरता चिरता म्हणाली.

"उशी नको. पाना दे, छोटा."

"तुमच्या पोटावर आहे तो."

मी टेबलापाशी पुस्तक उघडून बसले होते. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते आणि सुट्टीच्या दिवशीही पुस्तकातून डोकं काढत नाही, म्हणून बाबा मला पंडित म्हणायचे. "पंडित, तुमच्या पुस्तकात वॉशर कसा बसवायचा ते लिहिलंय का बघा," ते खालून म्हणाले. मी म्हटलं, "लिहिलंय. प्लंबरला बोलवावे असं लिहिलंय." बेसिनखालून हसण्याचा आवाज आला. मग पाना पडल्याचा. मग एक शिवी, जी आईने ऐकली नाही असं दाखवलं.

दुपारी नळ गळायचा थांबला. बाबांनी आम्हा दोघींना बोलावून तो तीनदा उघडून बंद करून दाखवला. आई म्हणाली, "आता पेपरात फोटो द्या." त्यानंतर ते जेवले, झोपले, संध्याकाळी उठून त्यांनी नखं कापली. कारखान्यातली काळी भुकटी त्यांच्या नखांच्या कडेला कायमची बसलेली होती, ती काही केल्या जायची नाही. आठवण्यासारखं त्या दिवशी दुसरं काही घडलं नाही.

बाबा रबराच्या कारखान्यात होते. माणसाच्या कमरेइतक्या उंचीवर आडवे बसवलेले दोन लोखंडी रोल एकमेकांच्या दिशेने फिरतात. त्यांच्यामध्ये कच्चं रबर आणि भुकटी घालायची, आणि चादरीसारखं बाहेर येणारं रबर सुरीने कापून, गुंडाळून पुन्हा आत द्यायचं. हे काम ते माझ्या जन्माआधीपासून करत होते. कारखान्यात त्यांना वस्ताद म्हणत, आणि त्या मशीनला वस्तादचा रोल. दुसऱ्या कुणी त्याला हात लावलेला त्यांना खपत नसे. दुसऱ्या पाळीचे लोक त्यावर काम करत तेही जरा पाहुण्यासारखेच.

डोक्यावर एक दांडा असतो. काही अडकलं तर तो ओढायचा, रोल जागच्या जागी थांबतो. दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांचा डावा हातमोजा रबरात चिकटला. त्यांनी उजव्या हाताने दांडा ओढला. रोल थांबला, पण जागच्या जागी नाही. थोडा पुढे सरकून थांबला.

मला फोन पैलवानांचा आला. पैलवान म्हणजे बाबांचा पाळीतला जोडीदार. वाऱ्याने उडेल असा माणूस, म्हणून पैलवान. ते एवढंच म्हणाले, "ताई, हाताचं हाड शाबूत आहे. तुम्ही या." हाड शाबूत आहे हे ते इतक्या वेळा म्हणाले की मला बाकी काय शाबूत नाही ते विचारायची भीती वाटली.

कोपराच्या खालपासून मनगटापर्यंतची कातडी सुटली होती. फाटली नव्हती. पायमोजा ओढून काढताना उलटा होत जातो आणि टाचेपाशी अडकतो, तशी ती मनगटापाशी अडकून बोटांवर लोंबत होती. पैलवानांनी ती तशीच उचलून हातावर ठेवली होती, वरून स्वच्छ टॉवेल गुंडाळला होता आणि गाडीत सगळा रस्ता तो हात स्वतःच्या मांडीवर धरला होता. हे मी नंतर ऐकलं. मी पोचले तेव्हा बाबांना आत नेलं होतं आणि पैलवान बाकावर बसून स्वतःच्या पँटवरचा डाग नखाने खरवडत होते.

इस्पितळातल्या ज्येष्ठ सर्जनना सगळे सर म्हणत. नुसतं सर. दुसरे कुणी सर असले तरी त्यांना पुढे काहीतरी नाव जोडावं लागे. कारखान्याचे ठरलेले डॉक्टरही तेच. ते संध्याकाळी ऑपरेशन आटोपून हसत बाहेर आले.

"नशीबवान आहेत वडील तुमचे," ते म्हणाले. "कातडी त्यांचीच, जिथल्या तिथे बसवली. दुसरीकडून घ्यायची वेळच आली नाही. हे बघा."

त्यांनी फोनवर फोटो दाखवला. हात अखंड होता. कडेने टाक्यांची इतकी सुबक ओळ की आई, जी रक्त पाहून खाली बसते, तीही वाकून बघत राहिली. "जसाच्या तसा केलात हो," ती म्हणाली आणि रडायला लागली. मी सरांचे आभार मानले. दोनदा मानले. पैलवानांनी तर खाली वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

बाबांचा हात कोपराच्या वरपासून बोटांच्या मुळांपर्यंत पांढऱ्या बँडेजमध्ये होता. बँडेजच्या शेवटावर चिकटपट्टी, आणि पट्टीवर पेनाने सरांची सही. ती सही म्हणजे हे ड्रेसिंग फक्त सर उघडणार. वॉर्डातल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं. कुठल्याही खाटेपाशी सर आले की सिस्टर ट्रे घेऊन मागे उभी राहायची, सर पट्टी काढायचे, बघायचे, पुन्हा बांधायचे, पुन्हा सही. दुसऱ्या कुणी उघडलं तर काय होतं याच्या तिथे कहाण्या होत्या. एका डॉक्टर मुलाला म्हणे सगळ्यांसमोर विचारलं होतं, "हे तुझ्या बापाचं गाठोडं आहे का, सोडायला?"

बाबांना हा नियम फार आवडला. "बरोबर आहे त्यांचं," ते म्हणाले. "ज्याचं काम त्याने बघावं. माझ्या रोलला कुणी हात लावला तर मी ऐकून घेतो का?"

पैलवान उशाशी उभे होते, ते खिडकीबाहेर बघायला लागले. मी त्यांना पोचवायला जिन्यापर्यंत गेले तेव्हा विचारलं, "काय झालं?" त्यांनी आधी वर वॉर्डाकडे बघितलं. मग म्हणाले, "रोलच्या ब्रेकचे गुटके झिजले होते, ताई. फिटर आला होता बदलायला. वस्तादने त्याला परत पाठवला. म्हणाला, सुट्टीच्या दिवशी मी येतो नि मीच बसवतो."

सुट्टीच्या दिवशी ते बेसिनखाली होते. मी वर गेले. बाबा आईला सांगत होते की जेवणात मीठ कमी आहे, आणि मी खुर्ची ओढून बसले. त्या दिवशी मी त्यांना काही बोलले नाही. आजारी माणसाला काय बोलायचं.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सर बाहेरगावी गेले. जाताना आले, बोटांना हात लावला, "गरम आहेत. मस्त," म्हणाले आणि गेले. त्यानंतर जो यायचा तो बोटांना हात लावायचा. सकाळचे डॉक्टर, संध्याकाळचे डॉक्टर, सिस्टर, भेटायला येणारे नातेवाईक. सगळे बोटं चाचपायचे आणि "गरम आहेत" म्हणायचे. बाबांनी त्याचा खेळच केला. कुणी आलं की बोटं पुढे करायचे. "या, आशीर्वाद घ्या."

तिसऱ्या दिवशी त्यांना ताप चढला आणि कोपरापाशी बँडेजवर डाग उमटला. पिवळट, कडेला तपकिरी. आणि वास यायला लागला. फुलदाणीतलं पाणी बदलायचं राहून जावं तसा. सुरुवातीला मला वाटलं, वॉर्डाचाच वास असेल. मग मी बाहेर जाऊन परत आले आणि दारातच कळलं की तो कुठून येतोय.

ड्युटीवर चष्मेवाला एक डॉक्टर होता, पंचविशीचा, सतत झोप अपुरी असल्यासारखा. मी त्याला बोलावलं. त्याने बोटं चाचपली.

"गरम आहेत, मॅडम."

"वास येतोय."

"थोडा येतो."

"उघडून बघा ना."

त्याने चिकटपट्टीकडे बघितलं. "सरांचं ड्रेसिंग आहे हे."

"हो, पण सर नाहीयेत."

"मी त्यांना फोन करतो," तो म्हणाला. आणि त्याने खरंच केला, माझ्यासमोर, उभं राहून, जणू सर त्याला फोनमधून बघत होते. "हो सर. ताप आहे सर. बोटं गरम आहेत सर. नाही सर, उघडलं नाही. हो सर." फोन ठेवून तो म्हणाला, "सर म्हणाले, बोटं गरम आहेत ना, मग चिंता नाही. अँटिबायोटिक वाढवायला सांगितलंय. आल्यावर ते स्वतः बघतील."

"कधी येणार आहेत?"

"परवा. किंवा तेरवा."

मी तोंड उघडलं, आणि बाबांनी उजव्या हाताने माझी ओढणी खेचली. डॉक्टर गेल्यावर ते हळू आवाजात म्हणाले, "पंडित, गप्प बस."

"बाबा, वास येतोय तुम्हाला तरी?"

"येतोय ना. माझ्याच नाकाखाली आहे. पण मी त्यांच्या हाताखाली आहे, तू नाहीस. तू बोलून घरी जाशील, मी इथेच राहणार. त्यांच्या कानावर गेलं की वस्तादच्या पोरीने आवाज चढवला, तर पुढच्या वेळी टाका कसा घालतील?"

"ते डॉक्टर आहेत. टाका रागाने घालत नाहीत."

"सगळे माणसंच असतात," बाबा म्हणाले. "वचन दे. सरांना काही बोलायचं नाही. आत्ता नाही आणि नंतरही नाही."

आईनेही मान हलवली. "बघतील गं ते. त्यांना जास्त कळतं का आपल्याला?"

मी वचन दिलं. मला त्या क्षणी बाबांचा इतका राग आला होता की मी बाहेर जाऊन पाणी प्यायले, तहान नसताना. रबराचे वेडेवाकडे आवाज ओळखणारा हा माणूस, मशीन जरा वेगळं कुरकुरलं तर पाळी थांबवणारा, इथे स्वतःचा हात सडत असताना मीठ कमी आहे एवढीच तक्रार करत होता.

उघडलं ते चौथ्या दिवशी, आणि तेही योगायोगाने. पलीकडच्या खाटेवर भाजलेली एक मुलगी होती, तिला बघायला प्लास्टिक सर्जन बाई यायच्या. ठेंगण्या, केस कातरलेल्या, पायात पुरुषी चपला. त्या मुलीकडे जाता जाता आमच्या खाटेपाशी थांबल्या आणि नाक वर करून उभ्या राहिल्या.

"हे कधी उघडलंय?"

चष्मेवाला पुढे आला. "सरांचं आहे, मॅडम."

"ड्रेसिंग सरांचं. हात कुणाचा आहे?"

बाबा म्हणाले, "माझा आहे, पण राहू द्या, सर उद्या..." बाईंनी त्यांच्याकडे बघितलंच नाही. सिस्टरकडून कात्री घेतली आणि कोपरापासून मनगटापर्यंत बँडेज सरळ कापलं. सही मधोमध चिरली.

आईला मी आधीच बाहेर पाठवलं होतं. मी थांबले.

टाके अजून सुबक होते. त्यांच्या आतली कातडी वरच्या बाजूला काळी पडली होती, खाली जांभळी, आणि मनगटाजवळ तेवढा एक पट्टा अंगाच्या रंगाचा. बाईंनी त्या पट्ट्यावर अंगठा दाबून सोडला. पांढरा ठसा उमटला आणि हळूहळू भरून आला. "हे जिवंत." जांभळ्या भागावर दाबला. काहीच बदललं नाही. दाबायच्या आधी जसं होतं तसंच राहिलं. त्यांनी सुई टोचली. बाबांना कळलंही नाही. काळसर थेंब कसाबसा वर आला आणि तिथेच थांबला. वरच्या काळ्या भागात सुई टोचली तर तेवढाही नाही.

"पण बोटं गरम आहेत," मी म्हटलं. चार दिवस ऐकून ऐकून ते माझ्याही तोंडात बसलं होतं.

"बोटांचं रक्त आतून येतं, हाडाजवळच्या मोठ्या नळ्यांतून. त्यांना काही झालेलं नाही," बाई म्हणाल्या. "कातडीला येणारं रक्त मांसातून वर येतं, केसासारख्या बारीक नळ्यांतून. कातडी सोलली गेली त्याच क्षणी त्या सगळ्या तुटल्या. बोटं गरम म्हणून कातडी जिवंत, असं नसतं. हे पहिल्या वर्षाला शिकवतात." शेवटचं वाक्य त्या चष्मेवाल्याकडे बघून म्हणाल्या. तो स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

"मग बसवली कशाला?"

त्यांनी सुई ट्रेमध्ये ठेवली. "बसवता येते. खालची चरबी पूर्ण खरवडून, कातडी पातळ करून बसवली तर कधी कधी धरते. किंवा नुसती ठेवायची, पण मग दोन दिवसांत उघडून बघायचंच. कारण दिसायला ती चांगलीच दिसते. मेल्यावरसुद्धा एखाददोन दिवस चांगली दिसते."

त्याच दुपारी त्यांनी बाबांना आत नेलं. मेलेली कातडी काढताना कुठे थांबायचं, असं मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "लालभडक रक्त येईपर्यंत कापत जायचं. रक्त आलं की थांबायचं." बाहेर आल्यावर त्यांनी सांगितलं की मनगटाजवळचा पट्टा सोडून सगळी गेली.

त्यानंतर रोज हात उघडायचा, धुवायचा, पुन्हा बांधायचा. ताप उतरला. बाबा चिडचिडे झाले, म्हणजे बरे होत होते. जखमेच्या तळाशी लाल दाणेदार मांस वर आलं तेव्हा बाई म्हणाल्या, आता मांडीची कातडी काढून लावू.

"मांडीची कातडी हाताला?" बाबा म्हणाले. "मग हात चालायला लागेल का?"

"चालायला नाही, पण खाजवला तर मांडीला कळेल," बाई गंभीरपणे म्हणाल्या. बाबा पहिल्यांदाच त्यांच्याकडे आदराने बघायला लागले.

त्यांनी सगळं विचारून घेतलं. कातडी काढतात कशी? कागदाइतकी पातळ, पात्याने तासून. मांडी आपोआप भरते. एवढ्या कातडीत एवढा मोठा हात कसा झाकणार? तिला बारीक चिरा पाडून जाळी करतात, म्हणजे ती ताणते आणि खालचं पाणीही निघून जातं. चिरा कशाने पाडता?

"एक छोटं यंत्र असतं. दोन रोलरमधून कातडी फिरवतात."

बाबांनी स्वतःच्या डाव्या हाताकडे बघितलं. मग म्हणाले, "पुन्हा रोलर. ब्रेक बघून घ्या, बाई."

आई हसली. पैलवान हसले. मला हसू आलं नाही. मला वाटलं, आता या माणसाला विचारावं, तुम्ही का नाही बघितला? पण ते ऑपरेशनला जायचे होते. मग ऑपरेशन झालं होतं. मग त्यांना झोप हवी होती.

सर मधल्या काळात परत आले होते. ते एकदा आमच्या खाटेपाशी आले, लांबूनच. "बाई बघतायत ना, छान," म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे वळले. बोटांना हात लावला नाही. बाबांनी मात्र उजवा हात कपाळापर्यंत नेऊन त्यांना नमस्कार केला, आणि ते गेल्यावर मला म्हणाले, "बघ. काही मनात ठेवलं नाही त्यांनी."

त्यांनी. मनात. मी चादरीच्या सुरकुत्या सरळ करत राहिले.

नवीन कातडी लावल्यावर पाचव्या दिवशी बाईंनी हात उघडला. मी बघितला. जाळीच्या प्रत्येक चौकोनातून गुलाबी रंग वर आला होता. त्यांनी अंगठा दाबला, ठसा पांढरा झाला आणि लगेच भरला. "धरली," त्या म्हणाल्या. "सगळी धरली." त्यांच्या कपाळावरची आठी मी पहिल्यांदाच गेलेली बघितली.

त्याच रात्री बाबांना हुडहुडी भरली. पुढे जे झालं ते बाईंनी मला साध्या शब्दांत सांगितलं, तसंच सांगते. सडलेल्या कातडीतले जंतू त्या चार दिवसांत रक्तात गेले होते. औषधांनी बहुतेक मेले. काही हृदयाच्या झडपेवर जाऊन बसले आणि तिथे वाढत राहिले. झडप फाटली. बाबांचा श्वास फुलला, त्यांना काचेच्या खोलीत हलवलं, आणि दोन दिवसांनी ते गेले.

मला त्यांना शेवटचं बघायला आत सोडलं तेव्हा चेहऱ्यावर चादर होती आणि डावा हात बाहेर. मी अंगठा दाबला. ठसा भरला नाही, अर्थात. पण कातडी घट्ट बसली होती, कडा मांसाशी एकजीव झाल्या होत्या. इतकं चांगलं काम. त्या हाताचं एवढं चांगलं काम आणि खाली माणूस नाही. मला तिथली औषधांची ट्रॉली उलटून टाकावीशी वाटली. मी सिस्टरला विचारलं की कागदांवर सही कुठे करायची.

नंतर मी बाईंना भेटायला गेले. विचारलं, "तुम्ही सांगाल का कुणाला? की पहिल्या दोन दिवसांत उघडलं असतं तर ते वाचले असते."

"मी जे बघितलं ते कागदावर लिहिलंय," त्या म्हणाल्या. "तोंडाने सांगणार नाही. त्यांच्याच थिएटरमध्ये मला काम करायचंय. उद्या तुमच्यासारखाच कुणाचा तरी हात येईल आणि मला टेबल लागेल." त्यांनी माझ्याकडे सरळ बघून हे सांगितलं, त्यामुळे मला त्यांच्यावर नीट चिडताही आलं नाही.

कारखान्याने कँटीनमध्ये शोकसभा ठेवली. टेबलं भिंतीला लावून खुर्च्या मांडल्या होत्या. एका खुर्चीवर बाबांचा फोटो. पहिल्या रांगेत मॅनेजर, त्यांच्या शेजारी सर. सरांना मॅनेजरने आवर्जून बोलावलं होतं.

मॅनेजर म्हणाले की वस्तादसारखा माणूस पुन्हा होणे नाही, स्वतःच्या मशीनला त्यांनी कधी दुसऱ्याचा हात लागू दिला नाही. लोकांनी माना डोलावल्या. पैलवानांनी नाही.

मग सर उठले. "आम्ही हात वाचवला होता," ते म्हणाले. "शेवटचं ड्रेसिंग उघडलं तेव्हा कातडी शंभर टक्के धरलेली होती. आमच्या टीमला त्याचा अभिमान आहे. दुर्दैवाने हृदयाने साथ दिली नाही. वस्तादांनी शेवटपर्यंत एका शब्दाने तक्रार केली नाही. असे पेशंट आता मिळत नाहीत."

मॅनेजर माईक घेऊन माझ्याकडे आले. "ताई, कुटुंबातर्फे आभाराचे दोन शब्द."

आईने माझं मनगट धरलं. "दोनच शब्द बोल," ती पुटपुटली. "त्यांना आवडलं नसतं."

मी उठले. माईक गरम होता, सरांच्या हाताने. पहिल्या रांगेत सरांनी मान किंचित झुकवली होती, आभार घेण्यासाठी तयार. आता आमचं कुणीही त्यांच्या हाताखाली नव्हतं, आणि तरी मला तीच भीती वाटत होती, जशीच्या तशी. मला त्या भीतीचाच संताप आला.

"मी आभार मानणार नाही," मी म्हटलं.

मॅनेजरनी माईककडे हात नेला. मी माईक मागे घेतला.

"सर, ती कातडी तुम्ही लावलेली नव्हती. तुम्ही शिवलेली कातडी मेली होती. ती आत मेली होती तेव्हा मी तुमच्या डॉक्टरला उघडून बघा म्हणत होते. त्याने तुम्हाला फोन केला. तुम्ही बोटांचं विचारलंत. वासाचं विचारलं नाहीत, डागाचं विचारलं नाहीत. तुमच्या वॉर्डात दहा माणसांना कात्री चालवता येत होती. तुमची सही होती म्हणून एकानेही चालवली नाही."

"ताई, तुम्ही दुःखात आहात," सर म्हणाले. आवाज मृदू होता.

"हो. आणि मला सगळं नीट आठवतंय."

मागे कुणाची तरी खुर्ची सरकली. आई मान खाली घालून बसली होती.

"त्यांनी तक्रार केली नाही असं तुम्ही म्हणालात. ते तुम्हाला भीत होते. तुम्हाला दुखावलं तर तुम्ही टाका नीट घालणार नाही, असं त्यांना वाटत होतं. तुमच्या पेशंटला तुमच्याबद्दल असं वाटतं, याचा अभिमान बाळगायचा असेल तर बाळगा."

सर उठले. मॅनेजर त्यांच्याबरोबर उठले. ते दोघं दाराकडे जाताना कुणीही त्यांना अडवलं नाही आणि कुणीही त्यांच्यामागे गेलं नाही. पैलवान रडत होते, तोंडावर हात न ठेवता.

मला वाटलं होतं की एवढं बोलल्यावर संपेल. संपलं नाही. माईक माझ्या हातात होता आणि राग अजून जिथे होता तिथेच होता, कारण त्यातला निम्मा सरांचा नव्हताच. मी खुर्चीवरच्या फोटोकडे वळले. आयुष्यभर मी या माणसाशी वाद घातला तो नळावरून, पुस्तकांवरून, मिठावरून.

"बाबा," मी म्हटलं, "तुम्ही फिटरला परत पाठवायला नको होतं. आणि मला गप्प बसवायला नको होतं. मला तुमचा फार राग येतो."